सम्राटाच्या बहिणीचा शेला

मी एक जुना जांभळा शेला आहे. मित्रांनो, माझी जरीची किनार आता काळी पडली आहे आणि एक पदर उंदरांनी कुरतडला आहे. पण एकदा मला पांघरून एक दमलेली बाई रोमच्या सम्राटाची बहीण झाली होती.

विट्याच्या हातमागावर मी विणला गेलो. सांगलीच्या बाजारात मला शालूबाईंनी घेतले. त्या नाटकात कामे करीत. गावोगावची हौशी मंडळी नाटक बसवीत, पण बाईचे काम करायला गावातली बाई मिळत नसे. मग शालूबाईंना बोलावणे येई. मी ट्रंकेत आणि ट्रंक एस.टी.च्या टपावर, अशी आमची वर्षे गेली. टाळ्या पुष्कळ मिळाल्या. झोप मात्र त्यांना कधी पुरली नाही. त्यांचा नवरा जोतीराम त्यांना टाकून साताऱ्याला दुसरीबरोबर राहत होता. त्याचे नावही त्या काढत नसत.

१९७४ साली पाटणच्या शाळेतल्या हिंदुराव गुरुजींनी संमेलनासाठी रोमच्या सम्राटाची बहीण ऑक्टेव्हिया हिच्यावर नाटक लिहिले. तालमीच्या पहिल्या दिवशी ते शालूबाईंना गोष्ट सांगू लागले.

"भाऊ रोमचा धनी. पहिला नवरा वारला, तेव्हा भावानं राजकारणासाठी तिचं लग्न अँटनी नावाच्या बड्या सरदाराशी लावलं. दोघं भांडले की हीच मध्ये पडायची. पुढं अँटनी इजिप्तच्या राणीकडं, क्लिओपात्राकडं राहिला आणि हिला घराबाहेर काढलं. ती दोघं मेली, तेव्हा त्यांची पोरकी मुलं हिनंच आपल्या घरी वाढवली. शेवटी तिचा एकुलता मुलगा ऐन तारुण्यात गेला. मग ती कुणाशी फारशी बोललीच नाही."

शालूबाई ऐकत राहिल्या. त्यांच्या पिशवीत आदल्याच दिवशी आलेले एक कार्ड होते. साताऱ्याच्या बनाबाईने, जोतीरामच्या शेजारणीने, ते कुणाकडून तरी लिहवून पाठवले होते. जोतीराम गेला, ती बाई त्याच्या आधीच गेली, त्यांच्या दोन पोरी माझ्या घरात आहेत, काय करायचे ते कळवा.

"आवं गुरुजी, सवतीची पोरं कुणी सांभाळतं व्हय?" शालूबाई एकदम म्हणाल्या.

"बाई, हे मी रचलेलं नाही. घडलंय तसं."

"मग तिला राग न्हाई आला?"

"पुस्तकात तसं काही नाही."

"लिवणाऱ्यानं तिला इचारलंच नसंल," असे म्हणून शालूबाई माझी घडी घालत बसल्या. माझी एकच घडी त्यांनी तीनदा घातली.

प्रयोगात शाळेच्या दोन मुली क्लिओपात्राची पोरकी मुले होऊन पुढे आल्या. शालूबाईंना मायेचे लांबलचक भाषण होते. त्या पायरीवर बसल्या. मला त्यांनी डोक्यावरून खाली घेतले. गुरुजींनी पडद्याआडून दोनदा वाक्य सांगितले.

"या. हातपाय धुवा," एवढेच त्या म्हणाल्या.

टाळी पडली नाही. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने डोळ्यांना पदर लावला.

दुसऱ्या दिवशी सांगलीला न जाता आम्ही साताऱ्याला उतरलो. बनाबाईच्या दारात नऊ वर्षांची चंद्रा धाकट्या मनूचा हात घट्ट धरून उभी होती. मनूचे नाक बापावर गेले होते. शालूबाईंनी ते पाहिले आणि तोंड फिरवले.

"मी तुमची आय न्हाई," त्या म्हणाल्या. "माया मागू नगा, लय दमलीया मी. भाकरी मागा, ती दीन."

"मनूला भाकरी आवडती," चंद्रा म्हणाली.

शालूबाईंनी ट्रंक उचलली. मागे न बघता त्या स्टँडकडे निघाल्या, पण पावले हळू टाकीत होत्या, लहान पायांना गाठता येईल अशी.

त्यानंतर आमचे फिरणे थांबले. शालूबाई सांगलीत लोकांचे कपडे शिवू लागल्या. मी ट्रंकेच्या तळाशी गेलो आणि सगळे मला विसरले. मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

एके दुपारी मशीनवर मान टाकून शालूबाई झोपी गेल्या. मनूने हळूच ट्रंक उघडली. चंद्राने मला झटकले आणि दोघींनी मला शालूबाईंच्या पाठीवर पांघरले. मग गिऱ्हाइकांनी हाक मारू नये म्हणून दोघी दाराच्या उंबऱ्यावर जाऊन बसल्या.

मित्रांनो, जुन्या कापडाला अधूनमधून ऊन दाखवा, तेवढ्याने ते टिकते. आणि तुमच्या घरात कोणी दमून निजले असेल, तर घटकाभर दाराशी बसा.