चालता साचा

आमचे बिऱ्हाड करी रोडच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर आहे. चिरंजीव जगदीश जहाजावर नोकरीस असल्यामुळे घरात मी आणि माझी सून अपूर्वा असे दोघेच असतो. ती एका कंपनीचे हिशेब लॅपटॉपवर करते. सायंकाळी तिचे काम आटोपले की ते यंत्र काही काळ माझ्या स्वाधीन होत असे. त्यावर मी मराठी टंकलेखन शिकलो आणि एक मानपत्र लिहावयास घेतले.

ते मानपत्र बुधाजीचे होते. इयत्ता चौथीतून मी गिरणीच्या वाटेला लागलो, तेव्हा साचेखात्यात, म्हणजे मागावर, बुधाजी माझा जोडीदार होता. ज्या वर्तमानपत्रात त्याची भाकरी बांधलेली असे, तेच पसरून त्याने मला अस्खलित वाचावयास शिकविले. आमच्या भजनी मंडळाने त्याचा सत्कार योजला आणि मानपत्राचा भार मजवर टाकला. मी एकेक वाक्य तासून लिहीत होतो. पुरे होईपर्यंत त्यास कोणीही हात लावू नये, अशी मी अपूर्वास सक्त ताकीद दिली होती.

तिच्या एका सवयीचा मात्र मला अत्यंत तिटकारा होता. ती लॅपटॉप कधीही पूर्ण बंद करीत नसे, नुसते झाकण मिटवी.

"बंद नाही होत ना तो? आत धुगधुगी असते," मी म्हणे.

"स्लीपवर ठेवलाय अप्पा. झोपलाय तो."

"अर्धवट झोपेने कोणाचे भले झाले आहे? आठवड्याच्या सुट्टीला आमचे साचेसुद्धा थांबत. लोखंडासही विश्रांती लागते."

ती हसून भाजी निवडावयास बसे. मी निजण्यापूर्वी भिंतीवरचे चार्जरचे बटण न चुकता बंद करी, आणि सकाळी ते चालू दिसे. वार्धक्यामुळे मलाच विस्मरण होत असावे, अशी मी मनाची समजूत घातली होती.

पुढे यंत्र इतके मंदावले की एक अक्षर उमटण्यास एक घोट चहा संपे. सत्कार येत्या रविवारी होता आणि छापखान्यास मजकूर द्यावयाचा होता. मी खालच्या दुकानातून धनेश नावाच्या कारागिरास बोलावून आणले. माझे म्हणणे खरे ठरणार, याचा मला किंचित आनंदही झाला होता.

धनेशने झाकण उघडून पाहिले. "वहिनी, महिनाभर शटडाऊनच नाही केलाय काय? बंद करून चालू करतो, सुटेल."

"तेच मी सांगतो आहे," मी म्हणालो.

इतक्यात अपूर्वा मोरीतून ओल्या हातांनी बाहेर आली. "धनेश, हात काढ. अप्पांचं लिखाण उघडं आहे आत."

"सेव्ह केलंय ना पण?"

दोघांनी मजकडे पाहिले. मी विचारले, "सेव्ह म्हणजे काय?"

धनेशने कपाळावर हात मारला. "अप्पा, याला अजून नावपण दिलेलं नाही तुम्ही. मशीन बंद झालं असतं तर सगळं गेलं असतं. बॅटरी संपली असती तरी तेच."

कागदावर लिहिलेले जसे कागदावरच राहते, तसेच हे राहत असेल, असे मी धरून चाललो होतो.

"तुला ठाऊक होते?" मी अपूर्वास विचारले.

"पहिल्याच आठवड्यात कळलं. दोनदा सांगायला आले, तर म्हणालात, लिहिताना मध्ये बोलू नकोस. हात लावायचा नाही म्हणालात, म्हणून नाही लावला. फक्त झोपू दिलं त्याला."

"आणि ते बटण?"

"तुम्ही बंद करायचात, मी चालू करायचे. एकदा ऑफिसात चार्जर न्यायला विसरले, तर शेजारी बसणाऱ्या श्रेयाचा मागून घेतला. कारण ऐकून ती म्हणाली, तुझ्या सासऱ्यांनी कादंबरी लिहायला घेतलीय वाटतं."

मी तिच्या हातात टॉवेल दिला आणि धनेशला म्हणालो, "मला शिकव."

धनेशने कळ दाखविली, मी ती दाबली, आणि नाव दिले 'बुधाजी'. नंतर अपूर्वाने यंत्र पूर्णपणे बंद केले. ते पुन्हा चालू झाले, तेव्हा मानपत्रातील एक अनुस्वारही हलला नव्हता. अक्षरेही आता झरझर उमटू लागली. तेवढ्यापुरते माझेही खरे ठरले होते, परंतु त्याचा उल्लेख करण्याची इच्छा उरली नाही.

रविवारी अपूर्वास सोबत नेले आणि मंडळाच्या खोलीत मी मानपत्र वाचले. बुधाजीस कमी ऐकू येते, म्हणून त्याच्या कानाशी बसून वाचले. शाल पांघरून झाल्यावर त्याने विचारले, "ह्यां सगळां तू लिवलंस?"

"मी लिहिले. राखले सुनेने," असे म्हणून मी त्यास हकीकत सांगितली.

जोडीदार पाणी पिण्यास गेला तर त्याच्या साच्यावर नजर ठेवावी, पण तो थांबवू नये, ही आमच्या खात्यातील रीत त्यानेच मला शिकविली होती.

"दुसऱ्याचो चालतो साचो राखणारो माणूस गावणां कठीण," तो म्हणाला, आणि सत्काराचा नारळ त्याने अपूर्वाच्या ओटीत घातला.

ती गोंधळून मजकडे पाहू लागली. मी म्हणालो, "घे गं. तुझाच आहे तो."