अकरा पोते रेती

"मंग तूर काय माह्या पदरात भरू?"

भारती अंगणातून बोलली, पण आवाज असा की बेलटोलीतल्या चार घरांनी चहाचे कप तोंडापाशीच थांबवले. उत्तर ऐकून मगच घोट घ्यावा म्हणून.

चहा निवला. अंगणात तुरीची रास पडलेली. दोन दिवसांपासून आभाळ काळं होऊन राहिलेलं, कन्हान नदीकडून ओला वारा सुटलेला, अन् भिजली तूर पाहिली की व्यापारी नाक मुरडतात. रास आज भरायलाच पाहिजे होती. घरात पोते होते अकरा. अकराही भरलेले. रेतीनं.

"एक तरी रिकामं करून द्या," भारती दारात येऊन म्हणाली. "दहा असले तं काय कमी पडते?"

"एक काढलं तं लाईन तुटते," संजीव आतून म्हणाला.

संजीव पौनीकर घरातच होता, पण जमिनीच्या खाली होता. घर कोष्ट्याचं. त्याचा बाप लुगडी विणायचा, अन् विणणारा पाय खाली सोडून बसतो म्हणून मागापुढं कमरेइतका खड्डा असतो. बाप गेला, माग मोडला, लाकडं चुलीत गेली. खड्डा तेवढा राहिला. त्यात त्याची आई सखूबाई कांदे ठेवायची. वीस वर्षं फौजेत काढून, हवालदार होऊन संजीव मागच्या साली घरी आला. त्यानं कांदे बाहेर काढले, कुदळीनं खड्डा छातीइतका खोल केला, नदीवरून रेती आणून काठानं पोते रचले अन् मध्ये जाऊन बसला.

सुरुवातीला तो फक्त आवाज झाला की बसायचा. आता बेलटोलीत आवाजाला काय तोटा. हरभऱ्यात रानडुकरं घुसतात अन् शेजारचा कवडू त्यांना हाकलायला सुतळी बॉम्ब फोडतो. डुकरं आता सरावली होती. एक बॉम्ब फुटला की मान वर करून पाहायची अन् पुन्हा हरभरा खायची. सरावला नव्हता तो संजीव. पुढं पुढं तो बॉम्बाची वाटही पाहीना. जेवणही खड्ड्यात मागू लागला.

"तुह्या पोटात काहून दुखते वं?" सासू सखूबाई म्हणाली. तिचा हिशोब सरळ होता. "त्याचा बाप त्याच खड्ड्यात चाळीस वर्षं बसला. पोरगा बापाच्या जागेवर बसून राहिला तं चांगलंच हाये ना."

"मामंजी लुगडं विणत होते, आत्याबाई. हे काय विणून राहिले?"

"विणन, विणन. येताबरोबर थोडीच विणते कोनी."

गावालाही खड्ड्यापेक्षा रेतीचं जास्त पडलं होतं. रातोरात नदी खरडून ट्रक जातात ते कोणाला दिसत नाहीत, पण संजीवची अकरा पोते रेती साऱ्या बेलटोलीला तोंडपाठ होती.

भारतीला रेतीचं दुःख नव्हतं अन् खरं पाहिलं तर तुरीचंही नव्हतं. दुःख काजलचं होतं. दिवाळीनंतर एका सकाळी तेरा वर्षांची काजल बापासाठी चहा घेऊन गेली. बाप खाटेवर झोपला होता. तिनं त्याच्या पायाला हात लावला अन् पुढच्या क्षणाला ती जमिनीवर, हात पाठीमागं, वर बापाचा गुडघा. भारतीनं किंचाळून सोडवली. हाड मोडलं नाही, पण हात महिनाभर गळ्यात बांधावा लागला. पोरगी उमरेडला मावशीकडं गेली ती गेलीच. फोनवर एकच सांगायची, "बाबाले कोनाले दाखव. मंग येतो."

कामठीच्या मिलिटरी कँटीनच्या लायनीत दुसऱ्या एका फौजीच्या बायकोनं भारतीला एक नंबर दिला होता. नागपूरला एका संस्थेत अरुंधती मॅडम म्हणून आहेत, फौजेतून आलेल्या माणसांशी अन् त्यांच्या घरच्यांशी बोलणं हेच त्यांचं काम. भारतीनं आठ वेळा फोन लावला तेव्हा गुरुवारी अकराची वेळ मिळाली.

"एक शांत खोली हवी," मॅडम म्हणाल्या होत्या. "मी आणि ते. नंतर तुम्हीही. तासभर लागेल. गाजावाजा नको."

संजीवला कबूल करवायला भारतीला चार दिवस लागले.

"एक घंटा," तो शेवटी म्हणाला होता. "अन् गावात कोनाले सांगायचं नाही. येडा-बह्याड म्हणतीन मले."

"कोनाले सांगून राहिली मी?"

पण शांत खोली बेलटोलीत एकच, समाजमंदिराची, अन् तिची किल्ली सरपंच ओमप्रकाशच्या कमरेला. सोमवारी भारती मागायला गेली.

"खुशाल घ्या वहिनी. पण कायले पाह्यजे?"

"नागपूरवरून एक मॅडम येऊन राहिली. काजलच्या बाबाले भेटायले."

"सरकारी?"

"फौजी लोकायसाठीच हाये ती."

ओमप्रकाशनं कमरेची किल्ली सोडली. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर भारतीला त्याच्याशी भांडता तरी आलं असतं. "वहिनी," तो म्हणाला, "खापा गावचा फौजी घरी आला तं लोकायनं जीपवरून मिरवला. आपला संजू आला तं एसटीतून उतरून, टरंक डोक्यावर घेऊन पायी घरी गेला. मले अजून लाज वाटते. तुम्ही निश्चिंत राहा."

भारती निश्चिंत राहिली. तिची तेवढी चूक झाली. बेलटोलीत बाहेरगावचं कोणी कोणासाठी आलं की शाल-नारळ होते, हे तिला लग्न झाल्यापासून माहीत होतं. गुरांचा डॉक्टर लस टोचायला आला तरी गाव त्याला हार घालते. गाई बिचाऱ्या ताटकळत उभ्या राहतात.

गुरुवारी सकाळी संजीव खड्ड्यातून निघाला. दाढी केली, इस्त्रीची पँट घातली. भारती त्याच्याकडं पाहत राहिली. लग्नात दिसला होता तसाच दिसला, कानापाशी पिकला तेवढा. दोघं गल्लीतून वळले अन् संजीवचा पाय थांबला.

समाजमंदिरापुढं मंडप. खुर्च्या. दोन भोंगे. लेझीम घेऊन शाळेची पोरं. अन् मंडपाच्या तोंडाशी दहा फुटांचं फ्लेक्स, 'बेलटोलीचा वाघ'. वर्दीतला फोटो कोणाजवळ नव्हता म्हणून लग्नातला लावला होता. वाघाला मुंडावळ्या होत्या, अन् कापून टाकलेल्या भारतीची चार बोटं त्याच्या खांद्यावर राहून गेली होती.

"भारती," संजीव हळूच म्हणाला, "कोनाले सांगितलं तू?"

"म्या फक्त किल्ली मागितली," भारती म्हणाली. तोवर लेझीम सुरू झाली अन् दोघं जणांनी त्याला दंडाला धरून खुर्चीवर नेऊन बसवलं.

मॅडम अकराला आल्या. सुती साडी, खांद्याला झोळी, चेहऱ्यावर दमणूक. त्यांच्याही गळ्यात हार पडला.

"मला त्यांच्याशी एकट्याशी बोलायचं आहे," त्या म्हणाल्या. "हे बंद करा हो, प्लीज."

"एकट्याशी?" ओमप्रकाशला खरंच कळेना. "मॅडम, आमच्या गावात कोनी एकटं नसते. घ्या माईक. तुमचं जे काय बोलणं असन ते इथंच करा. साऱ्यायले फायदा होईन."

मॅडमनी माईक घेतला नाही. मग त्यांचा खोळंबा नको म्हणून ओमप्रकाशनं काम स्वतःच सुरू केलं.

"संजू, सांग गा मॅडमले. झोप येते का?"

"येते," संजीव म्हणाला. भोंग्यातून 'येते' साऱ्या शिवारात गेलं.

"जेवण?"

"होते."

"काही तकलीफ?"

"नाही."

"पाहा मॅडम. पोलाद हाये पोलाद." टाळ्या पडल्या. भारती बायकांत बसली होती. चार दिवस घालून तिनं एक तास मिळवला होता अन् तो तीन शब्दांत संपला. तिनं मॅडमकडं पाहिलं. मॅडमनी तिच्याकडं. दोघींच्या मध्ये लेझीमची चाळीस पोरं होती.

अन् मंडपामागं कवडू होता. फौजीला तोफांची सलामी असते, अन् ती एकवीसच असते, असं त्यानं कुठंतरी ऐकलं होतं. डुकरांसाठी ठेवलेले एकवीस सुतळी बॉम्ब त्यानं एका वातीत ओवले होते. टाळ्या संपल्या तशी त्यानं काडी लावली.

पहिल्या आवाजाला संजीव खुर्चीवर नव्हता. दुसऱ्याला टेबल आडवं झालं, नारळ गडगडले, सरपंचाचा गाल मातीत अन् मानेवर संजीवचा हात.

"सब नीचे! सर झुकाओ!"

तो आवाज बेलटोलीनं कधी ऐकला नव्हता. वीस वर्षं ज्या आवाजावर माणसं पोटावर झोपली अन् वाचली, तो आवाज. अख्खं गाव झोपलं. लेझीमची पोरं आधी झोपली, त्यांना वाटलं कार्यक्रमात हेच आहे. बायका झोपल्या. सखूबाईचे गुडघे वाकत नव्हते, तिनं बसल्या जागी डोक्यावर पदर घेतला. कवडूही झोपला, त्यामुळं उरलेले बॉम्ब विझवायला कोणी राहिलं नाही. एकवीसच्या एकवीस फुटले.

मग शांतता. धूर. वरून एक-दोन थेंब. कोणी उठेना. उठायचा हुकूमच आला नव्हता.

भारतीनं मान तिरपी करून पाहिलं. आडव्या टेबलामागं संजीव पोटावर होता, अन् त्याच्यापासून चार हातांवर मॅडम, त्याही पोटावर, हार घातलेल्या.

"संजीवजी," त्या म्हणाल्या, "मी अरुंधती. घाई नाही. तुमच्याजवळ यायचं का मी?"

"नको. जवळ नको येऊ कोनी."

"बरं. नाही येत. पण काहून नको?" नागपूरच्याच होत्या त्या.

संजीव बोलला, मातीकडं तोंड करून. "माह्या हाताचा भरोसा नाही मले. पोरीनं फक्त पायाले हात लावला होता. चाय आणली होती तिनं. माह्या हातानं तिले पाडलं, मी मंग जागा झालो."

"आणि खड्डा?"

"तिच्या मायले वाटते मी भेतो म्हणून बसतो. भेतोच. पण बाहेरच्याले नाही. पोते रचले ते कोनी माह्या हाताच्या टप्प्यात येऊ नये म्हणून. पोरगी आली अन् पुन्हा तसं झालं तं..."

भारतीनं तोंडात पदर कोंबला. लाईन का तुटू द्यायची नाही, ते तिला आज कळलं. अन् कळलं ते तिला एकटीला नाही. 'तसं झालं तं' हे शब्द समाजमंदिराच्या डोक्यावरून, नदीवरून, परत आले. माईक टेबलावरून पडला होता खरा, पण बंद पडला नव्हता.

संजीवनं मान वर केली. आपलाच आवाज भोंग्यातून विरताना त्यानं ऐकला.

तेवढ्यात कवडूनं टाळी वाजवली. माईकवरचा माणूस बोलायचा थांबला की टाळी वाजवायची, एवढं त्याला माहीत होतं. मग साऱ्या गावानं, पोटावर पडल्या पडल्या, टाळ्या वाजवल्या.

संजीव उठला. पँट झटकली. एका सरळ रेषेत घरी गेला अन् खड्ड्यात उतरला.

मॅडम त्याच्या घरापुढं पाऊण तास थांबल्या. तो बोलला नाही. "ते जेवढं बोलले तेवढं बोलायला कोणाकोणाला वर्षं लागतात," त्या भारतीला म्हणाल्या. "पण असं नको होतं व्हायला. आता मलाही ते लवकर सांगणार नाहीत."

"उद्या येता का तुम्ही?"

मॅडमनी डायरी काढली. चार तालुके अन् त्या एकट्या. "एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. फोन करत राहा. मी करतेच." त्यांनी भारतीचा हात धरला, सोडला, अन् पाऊस सुरू झाला.

भारती धावत मंडपाकडं गेली. वाघाचं फ्लेक्स तिनं ओढून आणलं अन् तुरीवर टाकलं. अर्धी रास वाचली. मुंडावळ्यांवरून पाणी निथळत राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काजलचा फोन आला. संजीवचं भाषण कोणीतरी मोबाईलवर घेतलं होतं, ते रातोरात उमरेडला पोचलं होतं.

"आई," काजल म्हणाली, "बाबाचा हात किती दूर पुरते?"

"काय वं?"

"खड्ड्यातून हात लांब केला तं कुठंपर्यंत येते? मोजून सांग. मी त्याच्या पलीकडं बसन. रविवारी येतो."

भारतीनं फोन ठेवला. चुन्याची डबी घेतली अन् खड्ड्यापाशी उभी राहिली. "हात लांब करा."

"काहून?"

"काजलनं मोजायले सांगितलं."

संजीव तिच्याकडं पाहत राहिला. मग त्यानं पोत्यांवरून हात बाहेर काढला. भारतीनं बोटांपाशी खूण केली.

"अजून एक हात सोड," तो म्हणाला. "मी वाकतो कधी कधी."

तिनं एक हात सोडला अन् जमिनीवर चुन्याची रेघ ओढली, भिंतीपासून भिंतीपर्यंत. रेघेच्या पलीकडं दाराजवळ एका माणसाला बसायपुरती जागा राहिली.

ती रेघ वाळलीही नव्हती तर दारात ट्रॅक्टर. ओमप्रकाश स्वतः आला होता. कालपासून तो जेवला नव्हता म्हणे. "वहिनी, आमची चूक झाली. संजूले रेती लागते तं आम्ही उलटे त्याच्या रेतीवर हसलो. तीस पोते आणले. पक्की करून देतो भिंत." त्याच्या माणसांनी दोन पोते आत आणले, अन् अंधाऱ्या खोलीत जागा शोधत रेघेच्या पलीकडं, दाराजवळ, टाकले.

"उचला भाऊ ते," भारती म्हणाली.

"राहू द्या वहिनी. तुमच्यासाठी एवढंही करू नाही काय आम्ही?" अजून दोन आले.

"तिथं नको, म्हणतो ना."

कोणी ऐकेना. मदत करणाऱ्या माणसाला ऐकू कमी येते. सहावं पोतं दारात आलं तेव्हा खड्ड्यातून आवाज आला. कालचा नव्हे. साधा, घरातला.

"ओमप्रकाश, ते तिथून उचल गा. तिथं पोरगी बसणार हाये."

माणसं थांबली. ओमप्रकाशनं रेघेकडं पाहिलं, खड्ड्याकडं पाहिलं. त्याला काय कळलं ते त्यालाच माहीत, पण त्यानं स्वतः वाकून पोतं उचललं अन् बाहेर नेऊन ठेवलं.

खड्ड्यातून मात्र संजीव निघाला नाही. त्या दिवशीही नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. रविवारपर्यंतची काही खात्री नव्हती अन् एप्रिल लांब होता.

भारतीनं सरपंचाचं एक पोतं अंगणात ओढलं. तोंड सोडलं, रेती ओतून दिली, पोतं उलटं करून झटकलं, अन् राहिलेली तूर भरायला बसली.