एक घास शिलाहारांचा

अनुयाने चमचा माईच्या ओठांना टेकवला आणि तसाच धरून ठेवला. गुरगुट्या भातावरचं तूप ओठांच्या कडेने हनुवटीवर उतरलं. माईने ते पुसलंही नाही. ओठ घट्ट मिटून ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

"माई, एकच घास. माझ्यासाठी."

बाबांचं तेरावं झालं आणि माईने अन्न सोडलं. आधी घोटभर दूध तरी जायचं, आता तेही ओघळून बाहेर येत होतं. सकाळी डॉक्टर येऊन गेले होते. संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही, तर कल्याणला दाखल करायचं आणि नाकातून नळी घालायची.

"हात बांधून ठेवावे लागतात अशा पेशंटचे," दाराशी चपला घालता घालता ते म्हणाले होते. "नळी उपसून टाकतात."

तेव्हापासून अनुयाची नजर माईच्या मनगटांवरून हलत नव्हती.

माईला सांभाळायला वांगणीहून येणारी वेणूबाई पलंगावर बसून पिशवी भरत होती. दोन गाऊन, टॉवेल, शाल.

"मी पन करून बघितलं, ताई," ती म्हणाली. "सायेब कसं राजांच्या नावानं भरवायचे, हा घास याचा, हा घास त्याचा. मला कुठं ठावं राजे? मी म्हटलं, हा घास आमदाराचा. तर तोंडच फिरवलं गं म्हातारीनं."

अनुयाला हसू फुटलं आणि त्या हसण्याचं रडू होतंय हे कळताच तिने मान खाली घालून भात कालवायला घेतला.

लहान मुलांना काऊचा, चिऊचा घास भरवतात, तसे बाबा माईला मुंबईच्या राज्यकर्त्यांचे घास भरवत. माईने बदलापूरच्या शाळेत जन्मभर इतिहास शिकवला होता. आता तिला पोटच्या मुलीचं, अनुयाचं नावही आठवत नसे.

"हा घास शिलाहारांचा," अनुया म्हणाली. "आपल्या अंबरनाथचं देऊळ बांधलं ना, त्यांचा."

ओठ मिटलेलेच.

"हा बिंबराजाचा, माहीमच्या. हा गुजरातच्या सुलतानाचा. हा पोर्तुगीजांचा. त्यांनी राजकन्येच्या लग्नात मुंबई आंदण दिली इंग्रजांना. हा इंग्रजांचा, माई. घे ना."

सगळं बरोबर होतं. या विषयावरची कपाटभर पुस्तकं तिने वाचली होती, साल विचारलं असतं तर सालही सांगितलं असतं. प्रत्येक राजासाठी चमचा वर जात होता आणि तसाच खाली येत होता. तिने पुन्हा शिलाहारांपासून सुरुवात केली. मग पुन्हा. भात गार झाला. उन्हं गॅलरीतून निघून गेली. वेणूबाईने पिशवीची चेन लावली.

"मग चिमाजीअप्पा आले," अनुया म्हणाली. आपण काय बोलतोय याकडे आता तिचं लक्षच नव्हतं. "त्यांनी मुंबई घेतली. हा घास..."

"वसई!"

शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा खणखणीत आवाज.

"वसई घेतली, अहो, वसई! मुंबई कुठे घेतली? मुंबई मराठ्यांना कधी मिळाली का..."

तोंड उघडं होतं. अनुयाने चमचा आत सरकवला. माईने तो घास रागारागाने चावला आणि गिळला.

वेणूबाई पिशवी मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली.

अनुया पुण्याहून फोन करायची, तेव्हा मागे बाबांचं भरवणं चालू असे. एकदा त्यांनी अकबराला गेटवे ऑफ इंडियावर उतरवलं होतं. एकदा शाहजहानला भायखळ्याला राणीची बाग बांधायला लावली होती. बाबांचंही आता काही खरं नाही, असं म्हणून तिने फोन ठेवला होता.

तिने चमचा भरला. तो माईच्या ओठांपाशी नेला.

"मग अकबर बादशहा गेटवेवर उतरला."

"काय बोलता! गेटवे तेव्हा होता तरी का? इंग्रजांनी बांधला तो, इंग्र..."

दुसरा घास गेला. तिसराही. वाटीचा तळ दिसू लागला, तशी माई थकली. तिने डोकं उशीला टेकवलं आणि अनुयाकडे पाहिलं. शाळेतल्या एखाद्या सहकारी शिक्षिकेकडे पाहावं, तसं.

"बघताय ना, बाई? रोज सांगते ह्यांना, रोज चुकतात." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मी गेल्यावर ह्यांचं कसं व्हायचं हो?"

अनुयाने वाटीच्या कडेचा भात चमच्याने निपटून घेतला. घसा साफ केला.

"मग टिपू सुलतान," ती म्हणाली, "दादरला राहायला आला."