ताईंच्या चिठ्ठ्या

“तुमचं सगळ्यात आवडतं पात्र कोणतं?” मासिकाकडून आलेल्या मुलीनं विचारलं आणि लेखिकाबाईंनी तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघरातून उत्तर आलं, “तिला काय विचारतेस? मला विचार. सहा कादंबऱ्यांत राबलेय मी. फुकट!”

या ताई, लेखिकाबाईंच्या थोरल्या नणंद. इस्पितळातल्या चादरी-अभ्रे मोजून घेण्यात तीस वर्षं गेलेली, त्यामुळे विरलेली जागा त्यांच्या नजरेतून सुटत नसे. भावजयीची कादंबरी त्या वाचत नसत, तपासत. हरकत असेल त्या पानात चिठ्ठी. पान सत्तेचाळीस : मी घोरत नाही. पान एकशे बारा : नवरा सोडून गेला म्हणे. लग्नच झालं नाही, तो सोडून जाईल कुठून?

“आणि प्रेरणा?” मुलीनं वहीचं पान उलटलं.

“पाच ओळी सलग लिहू दिल्या तर प्रेरणा येईल ना!” लेखिकाबाई म्हणाल्या. “ सहाव्या ओळीला विचारणा होते, पंप बंद केलास का.”

“केला होतास का?” आतून आवाज.

“नव्हता, ताई!”

“मग?”

मुलगी हसू दाबत निघून गेली. आवडत्या पात्राची जागा वहीत कोरीच राहिली.

मागच्या कादंबरीतल्या आत्याबाई साखरेचा डबा कुलपात ठेवायच्या. त्या पुस्तकात एकतीस चिठ्ठ्या निघाल्या. शेवटी ताईंनी धाकट्या भावाला, म्हणजे लेखिकाबाईंच्या नवऱ्याला, साक्षीला बसवून शपथ घातली, “यापुढे मला पुस्तकात घेतलंस, तर या घरचं पाणी पिणार नाही.” तो बिचारा बायकोकडेही बघेना, बहिणीकडेही बघेना. गेल्या वर्षी तो गेला. नवी कादंबरी त्याच्या इस्पितळातल्या शेवटच्या अकरा दिवसांची होती. लेखिकाबाईंनी शब्द पाळला होता. ताईंचं नखसुद्धा त्यात दिसू दिलं नव्हतं. हस्तलिखित उद्या छपाईला जायचं होतं.

ताईंनी ते आणून टेबलावर ठेवलं. कडेनं एकच चिठ्ठी डोकावत होती.

लेखिकाबाई उसळल्याच. “यात तर तुम्ही नाहीच! तरी चिठ्ठी? पुस्तकात घेतलं तर पाणी पिणार नाही, वगळलं तरी हरकत! आता मी काय झाडापानांवर लिहू?”

एरवी ताईंनी एकास चार ऐकवली असती. आज त्यांनी चष्मा घडी करून डबीत ठेवला आणि त्या आत गेल्या.

पान एकशे अठ्ठ्याण्णव. ‘वॉर्डाबाहेरचा बाक अकराही दिवस रिकामाच होता,’ असं छान वळणदार वाक्य होतं. लेखिकाबाईंचं स्वतःचं लाडकं. चिठ्ठीवर चादरींच्या नोंदी करून करून ठसठशीत झालेलं अक्षर : रिकामा नव्हता.

आत नळ वाहत होता.

बऱ्याच वेळानं लेखिकाबाईंनी पेनाचं टोपण काढलं. “ताई, बाकाच्या कुठल्या टोकाला बसायचात तुम्ही?”

नळ बंद झाला.

“दाराकडच्या,” ताई म्हणाल्या. “आणि घोरत होते म्हणून लिहू नकोस. झोपलेच नव्हते मी.”