सापाच्या पत्त्यावर केसांचं तेल

मी एक जुना पत्ता आहे, मित्रांनो. पेठेतला नाही, इंटरनेटवरचा. त्याला डोमेन म्हणतात. माझं नाव सापनिघाला डॉट इन. हसा, हसून घ्या!

विश्रांतवाडीच्या भीमरावांनी मला बारा वर्षांपूर्वी घेतलं. ते सर्पमित्र. साप घरात शिरला तर काय करायचं, ते माझ्या पानावर होतं, आणि खाली भीमरावांचा नंबर. शाळांनी, सोसायट्यांनी आपापल्या वेबसाइटवर माझी लिंक लावली. काय रुबाब होता माझा!

पण माझी नोंदणी दरवर्षी नव्याने करावी लागते. यंदा आठवण करून देणारे सात मेल आले, भीमरावांनी एकही उघडला नाही. "साप निघाला की फोन येतो. मेल कोण करतंय?" मुदत संपली आणि मी झालो बेवारस.

अशा बेवारस पत्त्यांवर कर्वेनगरची स्पृहा रोज सकाळी चहा पिता पिता टपलेली असते. ज्याला चांगल्या ठिकाणांहून लिंक, त्याला सर्चमध्ये मान. माझ्या लिंक बघून ती खुर्चीतून उठलीच. "एकवीस शाळा! अगं बाई, हा तर हिरा आहे!"

तिने मला उचललं आणि केसांच्या तेलाच्या जाहिरातीकडे वळवलं. ऑर्डरचे फोनही तीच घ्यायची. खरं सांगतो, चार दिवस मलाही मजा वाटली.

पाचव्या दिवशी एका शाळेत पहिलीच्या वर्गात, कपाटामागे साप निघाला. मुख्याध्यापिका कुसुमताईंनी घाईघाईत माझी लिंक दाबली आणि दिसेल त्या नंबरवर फोन लावला.

"नमस्कार! केस गळतात का?" स्पृहाने गोड आवाजात विचारलं.

"अहो बाई, त्याला केस आहेत कुठे?"

"कोणाला?"

"सापाला! इथे तीस पोरं बाकांवर चढलीयेत!"

माझी मजा तिथेच संपली. ती पोरं माझ्या भरवशावर उभी होती आणि माझ्याकडे नुसतं तेल! इंटरनेटवर जुन्या पानांच्या प्रती राहतात, त्यातून स्पृहाने भीमरावांचा नंबर काढला. ते वीस मिनिटांत पोचले. धामण होती, बिनविषारी. पोरांनी तिला टाटा केला.

संध्याकाळी स्पृहाने मला पुन्हा भीमरावांच्या नावावर करून दिलं.

"काका, मेल उघडत जा हो."

"उघडतो. तुम्ही लिंका मोजल्यात ना मॅडम? शाळांनी त्या कशासाठी लावल्यात, तेही वाचायचं होतंत."

मित्रांनो, आपल्या पत्त्याची मुदत चुकवू नका. आणि दुसऱ्याचा जुना पत्ता घेतलात, तर पाटी बदलण्याआधी बघा, त्या दारावर अजून कोण मदत मागायला येतंय.

बाकी मी मजेत. कालच एका सोसायटीतून बोलावणं आलं. पाल निघाली होती. तरी भीमराव गेले!