एकोणिसाव्या भोकाची रेघ

मी एक जुनी पोलादी पट्टी आहे. वीतभर लांब, तीन बोटं रुंद आणि अंगाला छत्तीस भोकं. पहिल्या भोकातून गव्हाचा दाणा जाईल, शेवटच्यातून केस गेला तरी पुष्कळ. दागिने घडवणारे मला जंतर म्हणतात. मित्रांनो, तुम्ही माझं नाव ऐकलं नसेल, त्याचा मला राग नाही. राग वेगळ्याच गोष्टीचा आहे, आणि तो सांगताना मी गोड बोलेन अशी आशा ठेवू नका.

माझं काम सोपं दिसतं. मला शेगड्यात, म्हणजे टेबलाला बसवलेल्या लोखंडी पकडीत, घट्ट आवळतात. जाड तारेला मेण चोळून तिचं टोक माझ्या मोठ्या भोकात घालतात आणि पलीकडून सांडशीने ओढतात. मग त्याहून लहान भोक, मग त्याहून लहान. ओढून ओढून तार कडक झाली की तापवायची, पुसायची, पुन्हा ओढायची. तांबं शहाण्यासारखं येतं, पितळ आडमुठेपणा करतं, चांदीचे लाड करावे लागतात, सोनं तर नुसतं मेणच. त्या तारांचे पीळ, साखळ्या, कानातली वेटोळी, गळ्यातली जाळी असं काय काय होतं. आणि बघणारे विचारतात काय? "वजन किती?" माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

ज्यांच्या हातात मी आयुष्य काढलं त्यांना सगळे आत्या म्हणतात. त्या चौदा वर्षांच्या असताना वडिलांच्या शेजारी बसून काम शिकत होत्या. एकदा घाईघाईत तार तापवली आणि वरची काळी खरपुडी न पुसताच माझ्या एकोणिसाव्या भोकातून खस्सकन ओढली. भोकाच्या कडेला ओरखडा पडला. तेव्हापासून त्या भोकातून येणाऱ्या प्रत्येक तारेवर एक बारीक रेघ उमटते, पार टोकापासून टोकापर्यंत.

वडील कडाडले, "तार पुसायला हात दुखत होते का तुझे?" मग भिंगातून बराच वेळ तार बघत म्हणाले, "घासून काढू नकोस. राहू दे. तुझी चूक आहे, तूच सांभाळ."

आत्यांनी ती सांभाळली. कितीही नाजूक दागिना असो, त्याच्या मागच्या कडीची तार त्या एकोणिसाव्या भोकातूनच ओढायच्या. कडी मानेमागे लपते, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही. मला मात्र माहीत होतं.

अशी पंचावन्न वर्षं गेली. आत्यांची नजर मंदावली आणि मी कपाटावर धूळ खात पडले. कित्येक महिने कुणी तेलाचं बोट लावलं नाही. असो, ते दुखणं माझं.

मग एके दिवशी आत्यांची भाची धापा टाकत आली. "आत्या, संग्रहालयात तुझा हार लावलाय! चांदीच्या जाळीचा, डॉक्टरीणबाईंना केलेला! त्यांच्या मुलांनी देऊन टाकलाय. आणि खाली काय लिहिलंय माहितेय? कारागीर अज्ञात!"

अज्ञात! बाई दोन गल्ल्या पलीकडे बसून मटार सोलत होती आणि म्हणे अज्ञात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली असती, पण मला दोन्ही नाहीत.

आत्यांनी मटार बाजूला सारले. हात धुतले, मला फडक्यात गुंडाळलं आणि निघाल्या.

संग्रहालयाचे साहेब सभ्य होते. "आजी, असं कुणीही येऊन म्हणेल. पुरावा काय?"

"शेगडा आहे का तुमच्याकडे?" आत्यांनी विचारलं.

दुरुस्तीच्या खोलीत होता. मला आवळलं. पंचावन्न वर्षं तार ओढलेल्या त्या हातांनी सांडशी धरली आणि एकोणिसाव्या भोकातून ओढली. तार आली. साहेबांनी हार काढून त्याची कडी भिंगाखाली धरली, शेजारी नवी तार धरली. रेघ तीच, तिची खोलीही तीच. साहेब ओशाळले. "पाटी बदलतो," म्हणाले. "आणि हे जंतरही द्याल का? हाराशेजारी ठेवू."

आठवड्याने आत्या बघायला गेल्या. काचेत माझ्याखाली लिहिलं होतं: तार ओढण्याचे जंतर, पोलाद, भोकं छत्तीस, लांबी इतकी, रुंदी इतकी. हाराखाली लिहिलं होतं: कारागीर, स्थानिक महिला.

माझी भोकं मोजली, मित्रांनो! लोखंडाच्या तुकड्याचं एक एक भोक मोजलं, आणि ज्या बाईने ते सगळं घडवलं तिचं नाव विचारायचं कुणाला सुचलं नाही.

"पाट्या छापून आल्यात आजी," साहेब म्हणाले. "आता बदलणं नियमात बसत नाही."

"मग नियम थोडा सैल करा," आत्या म्हणाल्या. "तोवर माझं जंतर घरी चाललं."

घरी त्यांनी तांब्याची तार घेतली आणि तीन दिवस खपून एकोणिसाव्या भोकापर्यंत आणली. मग चिमट्याने वाकवून वाकवून आपलं नाव घडवलं, काना, मात्रा, वेलांटीसकट. प्रत्येक अक्षरातून ती रेघ धावत होती. साहेबांच्या टेबलावर ते नाव आणि मी, दोघांना शेजारी ठेवलं. "दोन्ही राहतील, नाहीतर दोन्ही परत जातील."

साहेबांनी नाव उचललं, भिंग लावलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही. आज ते हाराखाली आहे. छापील पाटी निघाली.

मी काचेत आहे. हल्ली तेलही लावतात. पण माझा राग काही गेलेला नाही. मित्रांनो, हाताने घडवलेली वस्तू दिसली की तिची चकाकी आणि वजन मागाहून बघा. आधी विचारा, "हे कुणी केलं?" आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका. आत्यांना कुणी विचारलं नाही, म्हणून एकोणसत्तराव्या वर्षी त्यांना आपलं नाव स्वतःच्या हातांनी ओढून काढावं लागलं.