मी गल्लीचं बूच झाले तेव्हा

‘आत शिरलीस की आधी पाय पसर, मग हात उचल. आणि पायांच्या सळयांना रोज ग्रीस लाव.’ आमचे मुकादम नोमुरासान हे चिझुरूला किती वेळा म्हणाले असतील, याची मोजदाद नाही. मी तिच्या खालीच असायचे, त्यामुळे मलाही ते पाठ झालं होतं. तरी एका बुधवारी आम्ही दोघींनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मित्रांनो, मी खोदकाम करणारी एक बुटकी, आता जुनी झालेली मशीन आहे. तुमच्याकडे माझ्या थोरल्या भावंडांना पोकलेन म्हणतात. ती डोंगर फोडतात. मी मात्र क्योतोच्या गल्ल्यांमध्ये वाढले. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटावं लागतं, अशा जागी मला पाठवतात. त्यासाठी कारखान्यात मला एक खास सोय करून दिली आहे. माझे रबरी पट्ट्यांचे पाय लोखंडी सळयांवरून आत ओढता येतात आणि बाहेर पसरता येतात. वाटेतून जाताना पाय मिटायचे, काम करताना पसरायचे. नवी होते तेव्हा माझ्या नारिंगी रंगात तोंड पाहता येई.

कौतुकही पुष्कळ झालं. एकदा मी एका देवळामागे दोन दगडी दिव्यांमधून गेले. दोन्हीकडे चार-चार बोटं जागा. पुजारी डोळे मिटून उभे होते. ते प्रार्थना करत होते की घाबरले होते, हे मला अजून कळलेलं नाही.

चिझुरू माझी चालक. तिची मुलगी सायो तीन वर्षांची, पाळणाघरात जाणारी. फोन वाजला की चिझुरूचा हात आधी लिव्हरवरून निघे आणि मग ती श्वास घेई. तिच्यासोबत राहून मलाही काळजी करायची सवय लागली. कोणती मांजर कोणत्या कौलावर आहे, हेसुद्धा मी बघून ठेवायचे.

त्या हिवाळ्यात आम्हाला एका बंद गल्लीतला सांडपाण्याचा नळ बदलायचा होता. तोंडाशी अगदी चिंचोळी, आत थोडी रुंद, अशी ती गल्ली. घरं पाच, आणि शेवटचं शिगेनो आजोबांचं. ते एकटे राहत. काम सुरू करण्याआधी नोमुरासान आणि चिझुरू रिवाजाप्रमाणे प्रत्येक दारी नवा टॉवेल घेऊन गेले, वाकून होणाऱ्या त्रासाची माफी मागून आले. सकाळी नऊ ते बारा वाट बंद राहील, कुणाला बाहेर जायचं असेल तर सांगा, मशीन लगेच मागे घेऊ, असंही सांगितलं. आजोबा त्यांच्याहूनही खाली वाकले. आपली काही अडचण नाही, निवांत करा, म्हणाले.

त्या बुधवारी सायोचं अंग किंचित कोमट होतं. ताप वाढला की पाळणाघरातून फोन येणार, म्हणून चिझुरूला काम पटकन उरकायचं होतं. त्यात माझ्या सळयांना आठ दिवस ग्रीस लागलं नव्हतं. पाय पसरताना त्या करकरत, अडत, पाच मिनिटं खात. ‘आज राहू दे,’ ती पुटपुटली. एवढ्याने काय होतंय, असं मलाही वाटलं.

ओल्या चिकणमातीने भरलेली बकेट तिने उजवीकडे वळवली मात्र, माझा डावा पाय जमिनीवरून उचलला गेला. पाहता पाहता मी कलंडले आणि माझं छत दगडी भिंतीला टेकलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण गल्लीला बूच बसलं. चिझुरू पुढच्या बाजूला उतरली आणि आतच अडकली. नोमुरासान मागे, गल्लीच्या तोंडाशी.

‘बसायला भिंत बरी शोधलीस,’ ते म्हणाले. ‘मी सांगितलं होतं’ एवढं मात्र ते म्हणाले नाहीत, आणि तेच चिझुरूला जास्त लागलं.

तेवढ्यात त्यांच्या मागे एका दवाखान्याच्या गाडीचा चालक येऊन उभा राहिला. शिगेनोसान अजून आले कसे नाहीत, असं तो विचारत होता. आजोबांची मूत्रपिंडं काम करत नव्हती, आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करून घ्यावं लागे. सोमवारीही ते गेले नव्हते. गल्लीत काम चालू आहे, बुधवारी नक्की येतो, असा निरोप त्यांनी दिला होता. ‘आजही चुकलं तर फार वाईट होईल,’ चालक म्हणाला.

चिझुरू धावली. मी कलंडले होते तिथून शेवटचं दार दिसत होतं. तिने ते सरकवलं. आत उंबऱ्याशी आजोबा कोट घालून, मांडीवर पिशवी घेऊन बसलेले. पाय इतके सुजले होते की बुटात टाच शिरत नव्हती.

‘आजोबा, सांगितलं का नाहीत?’

‘तुम्ही टॉवेल घेऊन आलात, एवढं वाकलात.’ त्यांना धाप लागत होती. ‘त्यावर माझी गाडी कशी मध्ये घालू?’

‘मी वाकले ते तुम्ही सांगावं म्हणून.’

त्यांना तिथेच बसायला सांगून ती धावत परत आली. नोमुरासाननी माझ्या खालून जाड फळ्या सरकवल्या, भिंतीशी लाकडाचे टेकू दिले, आणि आता मुंगीच्या चालीने, असं बजावलं. चिझुरूने आसनावर चढून कमरेचा पट्टा बांधला. मी माझा हात उजवीकडे फळ्यांवर टेकला आणि दाब दिला. गुडघ्यावर हात ठेवून म्हातारी उठते ना, तशी उठले. उजवी बाजू वर आली तसं नोमुरासाननी वाकून सळयांना ग्रीस चोपडलं. मग पाय पसरले. या वेळी करकर नव्हती. सरळ झाले, माती खाली ठेवली, मागे सरकत गेले आणि तोंडाशी पुन्हा पाय मिटून बाहेर पडले.

माझ्या पाठोपाठ, भिंत धरत, एकेक पाऊल टाकत आजोबा आले. चालकाने त्यांचा दंड धरला. तरी ते माझ्यापाशी थांबले आणि माझी बकेट थोपटली. ‘पाय आखडले की आपण दोघंही कामातून जातो बघ.’

‘आधी गाडीत बसा,’ चालक म्हणाला, ‘मैत्री येताना करा.’

संध्याकाळी ते परत आले तेव्हा टाच बुटात होती. सायोला ताप चढलाच नाही. त्यानंतर दवाखान्याची गाडी यायच्या दिवशी ती गेल्याशिवाय मी गल्लीत शिरत नसे, आणि चिझुरू रोज सकाळी स्वतः शेवटच्या दारापर्यंत जाऊन येई. बाकीच्या दिवशी तीन वाजता आजोबा चहा आणि भाजलेली रताळी आणत, आणि तिला दटावून विचारत, ‘तू खाल्लंस, हिला ग्रीस दिलंस का?’ नळ बसला, चर बुजवला, तरी हा प्रश्न विचारायला ते आमच्या पुढच्या कामावर दोनदा येऊन गेले.

पुढे नवी मशीन आली आणि मी दोन पावसाळे पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिले. खिळींना गंज चढला, उंदरांनी माझं आसन कुरतडलं. मग चिझुरूनेच मला बाहेर काढलं, पट्ट्यांत सुकलेली माती कोरून काढली, नवे पट्टे चढवले. मित्रांनो, आमची मागणी फार नसते. कामाआधी दोन मिनिटं ग्रीस, कामानंतर थोडं पाणी.

आणि एक विनंती. कधी तुमच्या गल्लीत माझ्यासारखं कुणी खोदायला आलं, तर खुशाल कडेला उभे राहून बघा, आम्हाला आवडतं. पण आधी शेवटच्या घरात जा. आज तुम्हाला कुठे जायचंय का, असं तिथल्या माणसाला विचारा. ‘छे छे, तुमचं चालू द्या,’ असं म्हणाले, तर आणखी एकदा विचारा.